पानांसकट संत्री

सोमवारी सकाळी धाकट्या भावाची फाईल माझ्या टेबलावर आली तेव्हा मला आनंद झाला, हे आधीच सांगून टाकते. बाबांचा गाळा मला न विचारता विकून, आईला माझ्या दारात आणून सोडणारा हा माणूस चार वर्षं माझ्याशी बोलला नव्हता. आता नोकरी सोडून फळांचा आयातदार झाला होता. पहिलाच कंटेनर, तीनशे साठ पेट्या संत्री, आणि तपासणार कोण, तर मी. नात्यातलं काम दुसऱ्या निरीक्षकाकडे द्यायचं असतं. मी दिलं नाही.

कागदांत बोट ठेवायला जागा नव्हती. फळ रोगमुक्त असल्याचा दाखला होता, तारखा जुळत होत्या, पेट्यांवर बागेचा नंबर होता. फक्त सोबतच्या फोटोत प्रत्येक संत्र्याच्या देठाला दोन-दोन हिरवी पानं. माल ताजा दिसावा म्हणून या दीडशहाण्यानेच मागवली असणार. परवाना फळाचा असतो, पानाचा नाही. पानाबरोबर कीड येते. पण त्यावर सोपा इलाज आहे. आयातदाराने साधा अर्ज करायचा, निरीक्षकाने येऊन सील उघडायचं, त्याच्या देखत पानं तोडून जाळायची, की माल मोकळा. भाऊ नाक घासत येईल म्हणून मी तीन दिवस वाट पाहिली. फोन मात्र केला नाही. माझं काय अडलं होतं?

गुरुवारी तपासणीला शीतगृहात गेले. भाऊ दाराशी उभा, भावजय त्याच्या मागे. कंटेनरला सील दिसत होतं. मी हात लावला आणि ते हातात आलं.

पहिली पेटी उघडली. दुसरी, तिसरी. एकाही फळाला पान नाही. देठ ताजे तुटलेले, आणि भावजयीची नखं हिरवीगार.

“पानं कुठायत?” मी विचारलं.

“कसली पानं? अशीच आलीत,” भाऊ म्हणाला.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. “चोवीस वर्षं हेच करतेय मी. माझ्याच तोंडाला पानं पुसतोस?”

पेट्या उतरवणारा हमाल फिस्सकन हसला. मी वळून पाहिल्यावर त्याला एकदम खूप काम आठवलं.

“वन्सं, दोन दिवस आम्ही दोघंच खपलो हो,” भावजय म्हणाली. “माल सोडवणारा एजंट म्हणाला, पान दिसलं की माल गेला.”

“तू गप्प बस!” भाऊ तिच्यावर खेकसला.

“पानांनी नसता गेला,” मी म्हणाले. “सीलने गेला. निरीक्षकाशिवाय सील तोडलं की अख्खा माल नष्ट आणि परवाना रद्द. पानांसाठी एक अर्ज पुरला असता.”

तो पांढराफटक पडला. “एक अर्ज?”

“एक अर्ज.”

तिथल्याच एका पेटीवर कागद ठेवून मी आदेश लिहिला. अक्षर नेहमीपेक्षा बरं आलं. भावजय पदराआड रडत होती. मला तिची दया येत होती आणि दया येते याचाच राग येत होता.

आदेश मिळाल्याची सही करायला मी भावाला पेन दिलं. त्याने ते घेतलं, पण सही केली नाही.

“मी सोमवारी तुझ्याकडे येऊन विचारलं असतं,” तो हळू आवाजात म्हणाला, “तर सांगितलं असतंस, अर्जाचं?”

हो म्हणणं सोपं होतं. सगळा दोष त्याच्या पदरात पडला असता. पण तो आला असता तर मी काय केलं असतं, हे मला फोटो पाहतानाच पक्कं ठाऊक होतं.

“नाही,” मी म्हणाले.

“तेच वाटलं होतं,” तो म्हणाला, आणि त्याने सही केली.