सबब संपली

दुसऱ्या डोसची सुई दंडातून निघाली तशी नर्सबाई म्हणाली, "मावशी, पंधरा दिवसांनी थोडं मोकळं फिरा. मास्क मात्र सोडू नका."

सोळाव्या दिवशी सकाळी आमच्या घरात बैठकच बसली. काय सुरू करायचं, काय नाही. आमच्या मालकांना पारावर जायचं होतं. यांचा दमा आणि पारावरच्या लोकांच्या सवयी, दोन्ही मला पाठ. मी म्हटलं, "बसा, पन कडंला. आन् तंबाखू कुनाची मागायची न्हाई." सुनेने, रुपालीने, काष्टीच्या बाजाराला होकार मिळवला, लवकर जाऊन लवकर यायच्या बोलीवर. दळण गिरणीत न्यायचं. भजनाला जायचं, पण देवळात दाटीवाटीने बसायचं नाही, अंगणात बसायचं. लग्नं मात्र नाहीत. आजारी पडून यावं इतकी कोणाच्या मांडवातली बुंदी गोड नसते. हे सगळं मीच ठरवलं. या घरात ठरवणारी मीच, हे गावाला ठाऊक आहे.

मग भांडी विसळता विसळता रुपाली म्हणाली, "आत्याबाई, आन् सत्यशीलामावशींकडं?"

सगळ्यांना लस मिळाली म्हणून आनंद, आणि माझी मात्र सबब संपली होती.

सत्यशीला आणि मी एकाच माहेरच्या, एकाच वर्षी लग्न होऊन या गावात आलो. तिचं घर ओढ्यापलीकडे, हाक मारली तर ऐकू जाईल इतकं जवळ. एप्रिलात तिचे मालक, पुंजारामदाजी, कोरोनाने गेले. नगरच्या दवाखान्यातून माणूस घरी आलाच नाही, तिकडेच सगळं उरकलं. तिने मला फोन केला होता. "पुष्पे, येतीस का गं?" एवढंच म्हणाली. आमच्या घरात सहा महिन्यांचा नातू आणि यांचा दमा. मी म्हटलं, "येते गं, जरा निवळू दे."

आणि पाच महिने मी गेलेच नाही. पुढे फोन करायचीही लाज वाटायला लागली. तिचं दार दिसू नये म्हणून मी लांबच्या वाटेने शेतात जायचे. दुसरी कोणी अशी वागली असती, तर मीच तिला चार शब्द सुनावले असते.

आता भीती आजाराची नव्हती. सत्यशीला मला दारातून परत पाठवेल याची होती, आणि तिने पाठवलं असतं तर तिचं काय चुकलं असतं?

दुपार कलल्यावर गेले. सत्यशीला अंगणात कांदा निवडत बसली होती. बाईची नुसती हाडं राहिली होती. आमच्याकडे दुःखाच्या घरी गेलेल्या बाईने आधी गळ्यात पडून रडायचं, बोलायचं नंतर. पण मी फाटकाशीच थांबले.

तिने मान वर केली. "वाट घावली व्हय?"

"सत्ये, चुकलं माजं."

"लई चुकलं. मेली का जगली, एक फोन न्हाई तुजा. मी रोज वड्याकडं बघायची." तिने एक सडका कांदा जोरात फेकला, तो माझ्या पायाशी येऊन पडला. मग तिने विचारलं, "डोस झालं का दोनी?"

"झालं. तुजं?"

"माजं बी झालं. मंग लांब का हुबी ऱ्हायलीस?" तिचा आवाज बारीक झाला. "पोरांम्होरं रडता येत न्हाई गं. म्या रडलं की ती रडत्यात. दुसरं कुनी दारात आलंच न्हाई. माजं रडायचंच ऱ्हायलंय, पुष्पे."

मी धावत जाऊन तिला धरलं. कांद्याच्या ढिगात बसून आम्ही दोघींनी असा हंबरडा फोडला, की गोठ्यातली गाय दावं ओढायला लागली. शेजारची विजयमाला पिठाने भरलेल्या हातांनी पळत आली.

"आगं बया, काय झालं? कोन गेलं?"

सत्यशीलाने पदराने नाक पुसलं.

"आमचं मालक गेलं," ती म्हणाली. "पाडव्याच्या दुसऱ्या दिशी."

दोन्ही घरांमधे एकच भिंत, पण पाच महिन्यांत विजयमालाही भिंतीपलीकडूनच 'बरं हाय ना' विचारत होती. मग ती तशाच हातांनी आमच्यात येऊन बसली आणि तिनेही गळा काढला.

किती वेळ गेला कोण जाणे. शेवटी सत्यशीलाच आम्हा दोघींच्या पाठीवरून हात फिरवत "उगी, उगी" म्हणत होती, आणि मला पाच महिन्यांनी मोकळा श्वास येत होता.