बुचीच्या पाठीवरचा गेरू

बावीस मेंढ्यांपैकी एकोणीस लाल झाल्या होत्या, तीन राहिल्या होत्या, आणि चंपत धनगराच्या अंगात आता गेरू कालवण्याइतकंही त्राण उरलं नव्हतं. तरी तो सकाळी उठला, डब्यातला गेरू जवसाच्या तेलात कालवला आणि काठीला बांधलेल्या चिंधीनं, कुंपणाबाहेरूनच, पैलवान नावाच्या मेंढ्याच्या छातीला फासला. मेंढा जिच्यावर चढेल तिच्या पाठीवर गेरू उमटतो. सकाळी मोजलं की कोण झाली, कोण राहिली ते कळतं. ही त्याच्या बापाची रीत. बाप मात्र मेंढ्याला कवेत धरून हातानं गेरू लावायचा. चंपतला काठी लागायची, आणि त्याला कारण खुद्द चंपतच होता.

बहात्तरच्या दुष्काळात कुहीकडच्या त्याच्या साठ मेंढ्यांतल्या निम्म्याहून जास्त गेल्या. पैलवानाची आई त्याला जन्म देऊन दोन दिवसांत मेली. घरात पोरबाळ नव्हतं. चंपतनं त्या पिल्लाला बाटलीनं शेळीचं दूध पाजलं, आणि लाड म्हणजे किती करावेत? गुडघ्यावर हात ठेवून वाकायचा आणि हाक मारायचा, "ये पैलवान, ये!" पिल्लू धावत येऊन त्याच्या तळव्यावर कपाळ आपटायचं. दोघंही खूश, गावही खूश. कौतुकाच्या वेळी सगळे असतात, निस्तरायला कोणी येत नाही. अडीच वर्षांत पिल्लाचा मेंढा झाला, आणि समोर कोणीही वाकलं की आपल्याला खेळायला बोलावलं असं तो समजू लागला. आषाढात मस्तीला आला की मग बघायलाच नको.

चंपतनं त्याच्या गळ्यात लोढणं बांधलं. गुरं म्हणे लोढण्यानं वठणीवर येतात. पैलवान लोढण्यासकट धडक देऊ लागला, म्हणजे एकाऐवजी दोन मार. डोळ्यांपुढं गोणपाट बांधलं, तर ते त्यानं कुंपणाला घासून फाडून टाकलं.

आणि मग पंधरा दिवसांपूर्वी अंजना, त्याची बायको, लेंड्या झाडायला वाकली. मागून धडक बसली. ती हातावर पडली आणि डावं मनगट मोडलं. हाडवैद्य धोंडबानं बांबूच्या कामट्या बांधता बांधता विचारलं, "कसं झालं वं बाई?" तिनं तोंड उघडायच्या आत चंपत बोलून गेला, "चिखलात घसरली." गावाला कळलं असतं तर मेंढा त्याच दिवशी हाकलायला लावला असता, आणि पंचक्रोशीत दुसरा मेंढा नव्हता. अंजनानं एकदा त्याच्याकडं पाहिलं. त्यानंतर हाताबद्दल ती अवाक्षर बोलली नाही. भांडली असती तर बरं झालं असतं, असं चंपतला रोज वाटे.

एकोणीस झाल्या त्या दिवशी भाकर वाढताना ती एवढंच म्हणाली, "शेजारगावचा रामाजी मेंढा न्यायले तयार हाय म्हनते. त्याच्या वाड्याले दगडी भिंत हाय, दोन गडी हायेत."

"तीन मेंढ्या राहिल्या वं. तेवढ्या झाल्या का नेऊन देतो. शपथ."

"अन् कई होतीन त्या?"

"होतीन चार-आठ दिवसात."

ती उजव्या हातानं चूल सारखी करू लागली. त्या हाताचं पहिलं बोट लहानपणी विळ्यानं अर्धं गेलेलं. आताशा कुंपणापलीकडं नुसती शिंगं वाजली तरी तिच्या हातातली घागर हिंदकळे. चंपतला ते दिसत होतं. पण खरं सांगायचं तर त्यालाही घाई नव्हती. बाटलीनं वाढवलेलं जनावर दुसऱ्याच्या दावणीला बांधताना जीव तुटतोच.

पुढच्या पाच दिवसांत दोन मेंढ्या लाल झाल्या. राहिली बुची. कानानं बुची आणि स्वभावानं हट्टी, मेंढा दिसला की ती कोपरा धरायची. सहाव्या दिवशी दुपारी चंपत पाला घेऊन आला आणि पाहतो तर बुचीची पाठ लालभडक. भारा तिथंच टाकून त्यानं तिची मान धरली आणि तिला फाटकाबाहेर ओढलं.

गेरूत बोटं उमटली होती. तीन लांब, एक तोकडं.

आधी त्याला संताप आला. एक कोकरू बुडवलं की हिनं! मग तो बांधावर बसला. कुंपणाजवळून पाणी न्यायला भिणारी बाई, मोडका हात छातीशी धरून, मोकळ्या मेंढ्यासमोर आत गेली होती आणि वाकली होती. मेंढी गुडघ्याएवढी, वाकल्याशिवाय तिच्या पाठीला हात लागत नाही. पैलवान तेव्हा कुठं पाहत होता कोण जाणे. आणखी दोन-चार दिवस तिच्यानं काढवणारच नव्हते, आणि हे तिला नवऱ्याला सांगता आलं नव्हतं. खोटं बोलायचं तरी या घरात आधी कोणी सुरू केलं होतं?

चंपतनं बुचीच्या पाठीवर आपला तळवा ठेवला आणि बोटं पुसून जाईपर्यंत गेरू चोळला. मग तिला आत सोडलं, काठीच्या फासानं पैलवानाची शिंगं अडकवली आणि त्याला ओढत दारापुढं आणलं.

अंजना चौकटीत उभी होती. उजवा हात पदराखाली.

"बुची झाली?" तिनं विचारलं.

"झाली. आता रामाजीकडंच चाललो." दोन पावलं जाऊन तो थांबला. "वाटेत धोंडबाच्या घरी थांबतो. त्याले सांगून देतो."

"काय सांगता?"

"का तू चिखलात नव्हती घसरली. मेंढ्यानं मारलं, अन् मेंढ्याले मीच शिकवलं."

अंजना उंबऱ्यावर बसली. कामट्या बांधलेला हात तिनं मांडीवर घेतला, आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदा तिला रडू फुटलं.

"लय दुखते जी," ती म्हणाली.