चिंचखोऱ्याची डेग

फौजदार माणिकराव उमाळे रिटायर होणार, याची सगळ्यात जास्त धास्ती कोणी घेतली असेल, तर ती त्यांच्या बायकोनं! इतकी वर्षं हा माणूस घरी यायचा तो जेवायला आणि झोपायला. दिवाळी बंदोबस्तात गेली, गणपती बंदोबस्तात गेले, लेकीच्या लग्नातसुद्धा अक्षता पडल्या न पडल्या तोच ठाण्यातून बोलावणं आलं. आता हाच माणूस दिवसभर घरात बसणार म्हणजे घराचं ठाणं होणार, हे पुष्पांजलीबाईंना लख्ख दिसत होतं.

आणि दिसणार नाही तर काय! माणिकराव रजेवर असले की ओसरीतून आवाज यायचा, "पाणी!" पाणी दे नाही, तहान लागली नाही, नुसतं "पाणी!" त्यांची फटफटी गल्लीत वळली की क्रिकेट खेळणारी पोरं स्टंप तिथंच टाकून पसार. बाजारात भाजीवाली बाकीच्या बायांना थांबवून आधी साहेबांची पिशवी भरून द्यायची. याला माणिकराव मान म्हणत. माणूस वाईट नव्हता बरं का. कोणाचा फुकटचा चहा घेतला नाही, कोणावर उगाच हात उगारला नाही. पण धाकावर त्यांचा फार जीव. खाकी उतरली की हा धाक जाणार, याच विचारानं त्यांची झोप उडाली होती.

"काऊन वं, रिटायर झाल्यावर मले घरी गमन का?" त्यांनी एकदा बायकोला विचारलंच. गमणं म्हणजे करमणं.

"तुमाले गमन हो," बाई पोळी लाटता लाटता म्हणाल्या, "आमचं काय?"

त्यांचं ठाणं सातपुड्याच्या पायथ्याशी, संग्रामपूरच्या अंगाला. नाव सांगत नाही. ठाणी सगळी सारखीच. तिथं माणिकरावांकडे मुद्देमालाची खोली होती. मुद्देमाल म्हणजे चोरांकडून जप्त केलेला माल. रिटायर होण्याआधी ही खोली पुढच्या माणसाच्या ताब्यात द्यायची, आणि ती स्वच्छ करून द्यायची असं माणिकरावांनी मनावर घेतलं होतं. सायकली गेल्या, पाण्याच्या मोटारी गेल्या, कोणाची शिलाई मशीन गेली. मागे राहिली ती एक डेग.

डेग म्हणजे पंगतीचं वरण शिजवायचं तांब्याचं भांडं. एवढं मोठं की आत पोरगं बसवलं तर दिसायचं नाही! अंगावर अक्षरं कोरलेली, "समस्त गावकरी, मौजे चिंचखोरा." दहा-बारा वर्षांपूर्वी चोरीला गेली, एका भंगारवाल्याकडे सापडली. ज्याची त्याला द्या असा कोर्टाचा हुकूमही कधीचाच झालेला. पण न्यायला कोणी आलंच नाही!

नवे ठाणेदार म्हणाले, "उमाळे, कोणी येत नसेल तर बेवारस म्हणून लिलावात काढू."

लिलाव म्हणजे पुन्हा भंगारवाला, आणि भंगारवाला म्हणजे घण. माणिकरावांना ते बरं वाटेना. शिवाय चिंचखोरा म्हणजे त्यांच्या अभिमानाचं गाव! "वर्षानुवर्षं एक तक्रार नाई त्या गावातून," ते छाती फुगवून सांगत. "धाक असला की असं असते."

अशा सोन्यासारख्या गावाची वस्तू गावाला गेली पाहिजे. माणिकरावांनी काय केलं? जे पोलीस करतात तेच केलं! डेग जिच्या घरून चोरीला गेली होती त्या सत्यभामाबाईंना ठाण्यात घेऊन या म्हणून सरकारी गाडी पाठवली. गाडीत दोन शिपाई आणि अर्पिता नावाची पोलीस पोरगी.

दुपारी गाडी रिकामी परत आली. अर्पिता हसावं की रडावं अशा तोंडानं उभी.

"साहेब, गाडी पाहून गावच पळालं. दारं लागली, पारावरचे म्हातारे उठून गेले. आणि त्या आजी मागच्या दारानं कपाशीच्या पऱ्हाटीत शिरल्या. मी हाका मारून राह्यली, आजी, भिऊ नका, तुमची वस्तू घ्याले चला. तर जोरात पळाल्या!"

माणिकराव चिडले. घरी येऊन ताटावर बसले तरी धुसफूस चालूच. "चांगलं कराले गेलो तर पळतात! काय म्हणावं या लोकाइले?"

पुष्पांजलीबाईंनी ताटात भाकरी टाकली आणि समोर बसल्या. नवऱ्याच्या समोर अशा त्या क्वचितच बसत.

"एक विचारू? कोणाचं भांडं आपल्या घरी राह्यलं, तर आपण काय करतो?"

"नेऊन देतो."

"कोण नेऊन देते? ज्याचं भांडं त्याले बोलावता, का आपण जाता?"

"आपणच जातो."

"अन् रिकामं देता?"

माणिकरावांनी घास परत ताटात ठेवला. शेजारणीची वाटी आली तर ती रिकामी परत जात नाही. चिमूटभर साखर का होईना, आत घालून द्यायची. वऱ्हाडातलं गरिबातलं गरीब घरही हे पाळतं.

"बारा वर्सं त्याइचं भांडं तुमच्या घरी," पुष्पांजलीबाई म्हणाल्या, "अन् तुमी ते द्याले गाडी धाडता, शिपाई धाडता! ती बाई पळन नाई तर काय करन? धाक धाक करता ना, हाच तो धाक. चोराले वाटाचा तो म्हातारीले वाटून राह्यला! उद्या रिटायर झाल्यावर लोकाइच्या दारात कसं जाव लागते, ते आता शिकून घ्या."

माणिकरावांनी आयुष्यात बरीच उलटतपासणी पाहिली होती. अशी नाही! ते जेवले. आणि उठताना स्वतःचं ताट स्वतः उचललं.

ठाणेदार भले माणूस. "घेऊन जा गावात, पण पंचांच्या सह्या आणि फोटो पाहिजेत," म्हणाले. डेग क्वार्टरच्या नळावर आली. काळीठिक्कर! "असं तोंड घेऊन कोणाच्या दारात जाते का ते?" म्हणत पुष्पांजलीबाईंनी चिंच आणि मीठ आणलं. आणि फौजदार माणिकराव उमाळे, ज्यांच्या नुसत्या खाकरण्यानं कोठडी चिडीचूप व्हायची, बाह्या सारून डेग घासायला बसले! शिपाई खिडकीतून बघत होते. हसायची कोणाची छाती झाली नाही. मग तांबं उजळायला लागलं, आतली लाली वर आली, आणि माणिकराव घासता घासता स्वतःच हरखून गेले.

बाईंनी पायलीभर तुरीची डाळ डेगीत ओतली. एवढ्या मोठ्या भांड्याच्या तळाला ती चिमूटभरच दिसत होती.

अर्पिता जवळ आली. "काकू, आमच्या घरचा गहू आहे. टाकू का?" मग एक शिपाई गूळ घेऊन आला. शेवटी तेही सगळे शेतकऱ्यांचीच लेकरं! कोणी ज्वारी आणली, कोणी मिरच्या. वायरलेसवरचा माणूस खुर्ची सोडून उठत नसे, तोही हळदीची पुडी घेऊन आला. कोणी हुकूम दिला नव्हता, तरी डेग भरत चालली होती. माणिकराव बघतच राहिले. हुकूम सोडून त्यांनी ठाण्यात आजवर काही होताना पाहिलंच नव्हतं!

दुसऱ्या दिवशी सकाळी मालवाहू रिक्षात डेग, शेजारी पुष्पांजलीबाई आणि साध्या सुती सदऱ्यात माणिकराव. सोबत अर्पिता, तीही पंजाबी ड्रेसमध्ये. गावात शिरताना माणिकरावांना चमत्कारिकच वाटलं. दारं उघडी होती! पोरं खेळत होती ती खेळतच राहिली. एका म्हाताऱ्यानं तर हटकलं, "कोणाचे पाव्हणे बाप्पा?"

"सत्यभामाबाईंचे," पुष्पांजलीबाई पटकन म्हणाल्या.

सत्यभामाबाईंचं घर गावाच्या टोकाला. अंगणात एक मोठी थोरली चूल, दगड मांडलेले, ताज्या मातीनं सारवलेली. पण आत राखेचा कण नाही, दगडाला काजळी नाही! म्हातारी बाहेर आली. हात सारवणाचेच होते. तिनं रिक्षात बघितलं आणि उभी होती तिथं खाली बसली.

पुष्पांजलीबाईंनी तिला हाताला धरून उठवलं. म्हातारीनं डेगीवरच्या अक्षरांवरून बोटं फिरवली, तिला वाचता येत नव्हतं तरी. मग आत वाकून पाहिलं. डाळ, गहू, गूळ.

"हे कोणी घातलं माय?"

"ठाण्यातल्या लोकाइनं," पुष्पांजलीबाई म्हणाल्या. "बारा वर्सं तुमचं भांडं वापरात नोतं, पर राह्यलं तर आमच्याच घरी. रिकामं कसं द्याव?"

एव्हाना गाव जमलं होतं. म्हातारी वळली आणि ज्या म्हाताऱ्यानं मघाशी हटकलं होतं, त्याला तिनं नावानं हाक मारली. "कडूबा भौ, इकडे या. तुमाले वाचता येते. वाचा. मोठ्यानं वाचा!"

कडूबानं वाचलं, "समस्त... गावकरी... मौजे..." आणि पुढं त्याला वाचवेना.

मग लोकांच्या बोलण्यातून माणिकरावांना सगळं कळलं. डेग गावाची, पण ती भगवंतरावांच्या, म्हणजे सत्यभामाबाईंच्या मालकांच्या घरी ठेवायची रीत होती. सापडली हे कळल्यावर भगवंतराव ठाण्यात गेले. त्या वेळच्या कोण्या शिपायानं त्यांना दिवसभर भुईवर बसवलं आणि संध्याकाळी सांगितलं, "पावती आण." आजे-पणज्यांनी घेतलेल्या डेगीची पावती! ते रिकाम्या हातानं परतले. गाव म्हणालं, सापडली असती तर आणली काऊन नाही? यानंच विकून खाल्ली! तोच बट्टा घेऊन तो माणूस गेला. सत्यभामाबाईंच्या हातचं पाणी पिणं लोकांनी सोडलं. आणि ही बाई? दर पोळ्याला, दर दिवाळीला ही थोरली चूल सारवत राहिली. येईल ती डेग, जागा तयार पाहिजे म्हणून!

"वहिनी," कडूबानं डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली. "बारा वर्सं तुमच्या दारचं पाणी पेलो नाई मी. आता... आता द्याल का?"

म्हातारी आत गेली आणि तांब्या घेऊन आली. कडूबा उभ्या उभ्या गटागटा प्याला. त्याच्यामागं दुसरा आला, तिसरा आला. ज्याला तहान नव्हती तोही आला! खून पाहिलेला हा माणूस, पण त्या अंगणात त्याला आपले डोळे पुसावे लागले.

"माय," ते पुढं झाले, "मी फौजदार आहे. ठाण्यातून आलो."

लोकांनी एकमेकांकडे पाहिलं. पण या वेळी पळालं कोणी नाही.

"तुमी एकदा येऊन विचारलं काऊन नाई?" त्यांनी म्हातारीला विचारलं.

सत्यभामाबाई सरळ त्यांच्याकडे बघून म्हणाल्या, "डेग सरकारजवळ आहे म्हंजे जात नाई, हा भरवसा होता बाप्पा. तुमच्यावर भरवसा होता! पर तुमच्या दारात पाय टाकाची हिंमत नोती. एकदा मालक जाऊन आले, तर तसे झाले."

माणिकरावांना वाटलं, कोणी फाडकन तोंडात मारली असती तर बरं झालं असतं! जी भरवसा करते तिच्याच पायात आपण भीतीची बेडी घातली! त्यांनी दोन्ही हात जोडले. नोकरीत साहेबांना सलाम पुष्कळ ठोकले होते. असे हात कोणापुढं जोडले नव्हते. "चुकलं माय," ते म्हणाले, "ठाण्याचं चुकलं."

अर्पितानं पंचांच्या सह्या घेतल्या. चहा झाला. आणि माणिकराव निघणार तेवढ्यात कडूबानं त्यांना बाजूला घेतलं.

"साहेब, एक सांगू का? माझ्या शेताचा धुरा, बांध, शेजाऱ्यानं कोरला. तीन वर्सं झाली."

त्याच्यामागं एक सासुरवाशीण उभी होती, अर्पिताच्या कानाशी काही बोलत, गळ्यावरचा वळ पदरानं झाकत. तिच्यामागं आणखी दोघं.

एक तक्रार नसलेलं सोन्यासारखं गाव! माणिकराव अंगणातल्या ओट्यावर बसले. गुन्हे नव्हते असं नाही. सांगायला तोंड नव्हतं! ज्याला ते शांतता म्हणत होते, ती गिळलेली दुःखं होती.

त्या दिवशी रिक्षा परत निघाली तेव्हा त्या सासुरवाशिणीला पुष्पांजलीबाईंनी स्वतःशेजारी बसवलं. कडूबा पुढं बसला. ठाण्याच्या पायरीशी आल्यावर त्याचे पाय अडखळले. माणिकरावांनी त्याचा हात हातात घेतला आणि म्हणाले, "चला भौ. मी आहे ना सोबत."

पुढे ते रिटायर झाले. गमलं का त्यांना घरी? विचारूच नका! दर बाजाराच्या दिवशी ते ठाण्याच्या फाटकाबाहेर बाकावर बसलेले दिसतात, सदरा-पायजम्यात. कोणी घाबरत, चाचरत फाटकापाशी थबकलं की उठतात आणि सोबत आत जातात. आत त्यांचा अधिकार काही नाही, फक्त शेजारी उभे राहतात. तेवढ्यानं माणसाला कंठ फुटतो.

मंडळी, कायद्याचा धाक गुन्हेगाराला असू द्या, जरूर असू द्या! पण ज्याचं लुटलं गेलं तोच जर ठाण्याच्या दारातून माघारी फिरत असेल, तर तो धाक नव्हे, ते पाप आहे. वर्दी अंगात असो नाहीतर नसो, आपल्यापैकी प्रत्येकाच्या हाती कोणाला ना कोणाला दार उघडून देणं असतं. आज कोणी तुमच्या दाराशी थबकलं असेल, तर आतून हाक मारू नका. उठा, बाहेर जा आणि त्याचा हात धरा.