समुद्राकडे जाणारी बस

फेर्मीन बारेइरो टाळ्या वाजवत चौकात धावला तेव्हा छोटा तोबीआस व्यायामाच्या यंत्राला उलटा लटकला होता. शर्ट घसरून तोंडावर आल्यामुळे कोण येतंय हे त्याला दिसतच नव्हतं.

“उतर! आधी खाली उतर! पाटी वाचता येत नाही?”

“नाही येत,” शर्टाच्या आतून आवाज आला. “मी अजून पहिलीत आहे.”

आंब्याखालच्या बाकावर बसलेल्या दोघी बायका खुदकन हसल्या. फेर्मीनने पोराला काखेत धरून खाली उतरवलं, त्याचा शर्ट नीट केला आणि पाटीकडे बोट दाखवलं. ही साधनं मोठ्यांसाठी आहेत, चौदा वर्षांखालच्या मुलांना मनाई आहे, असं पाटीवर लिहिलेलं होतं. पाटी नगरपालिकेची होती, पण तिच्याकडे बोट दाखवायचं काम फेर्मीनने आपणहून अंगावर घेतलं होतं. उभा जन्म तो शाळेचा शिपाई होता. निवृत्त झाल्यावर त्यानेच वस्तीत घरोघर फिरून सह्या गोळा केल्या, सरकारी कचेरीचे उंबरठे झिजवले आणि ही यंत्रं चौकात आणवली. सकाळी ती फडक्याने पुसायची, संध्याकाळी त्यांच्यावरून पोरं हाकलायची, आणि मधल्या रणरणत्या उन्हात, सगळं गाव दारं लावून झोपतं तेव्हा, घरी जाऊन आडवं व्हायचं, असा त्याचा दिवस होता.

“मोठ्यांसाठी म्हणता खरं काका, पण मोठं येतं कोण इथे?” बाळाला थोपटत एकीने विचारलं.

“येतील. सवय लागायला वेळ लागतो.”

“तोवर आमची पोरंच मोठी होतील,” दुसरी म्हणाली.

फेर्मीन खांद्यावरचं फडकं झटकत होता, तेवढ्यात नगरपालिकेच्या लिस बोगादोबाई मोटरसायकलवरून उतरल्या. हेल्मेट काढून त्यांनी कपाळाचा घाम पुसला आणि सरळ मुद्द्यावर आल्या. नदीपलीकडच्या वस्तीतले लोक कधीपासून यंत्रं मागत होते. नवी घ्यायला पैसा नाही. त्या स्वतः सकाळ-संध्याकाळ या रस्त्याने जातात आणि इथे व्यायाम करणारं एकही माणूस त्यांना आजवर दिसलेलं नाही.

“तुम्ही सोडून,” त्या म्हणाल्या. “आणि तुम्ही फक्त पुसताना दिसता.”

“मॅडम, लोक येतात. तुमची वेळ चुकते एवढंच.”

“मग उद्या दुपारी येते. जेवल्यावर मला जरा मोकळा वेळ असतो. कोणी दिसलं तर बघू. नाहीतर सोमवारी ट्रक पाठवते.”

मोटरसायकल गेली. तिने उडवलेली लाल धूळ खाली बसेपर्यंत फेर्मीन तिथेच उभा राहिला. दुपारची वेळ! इकडे नोव्हेंबर म्हणजे ऐन उन्हाळा, अशा दुपारी या गावात कुत्रंही सावली सोडत नाही.

तरी तो दारोदार फिरला. न्हावी म्हणाला, झोपेची वेळ सोडून काहीही माग. बेकरीवाल्या बाईने आपले गुडघे दाखवले. घोडेगाडीवाल्या म्हाताऱ्याने, उन्हात नाचायला मी वेडा आहे का, असं विचारलं आणि पानं भिजवलेल्या थंडगार तेरेरेचा पेला पुढे केला. फेर्मीनने तो उभ्या उभ्या संपवला आणि मान खाली घालून परत निघाला.

कोपऱ्यावर पोरांचा गोट्यांचा डाव रंगला होता. त्याला पाहताच सगळी पांगायच्या बेतात होती.

“थांबा. पळू नका,” तो म्हणाला. “माझं एक काम आहे तुमच्याकडे.”

पोरं थांबली. त्यांची पुढारी येरुती. दहा वर्षांची, पुढचा एक दात अर्धा तुटलेला. ती कमरेवर हात ठेवून समोर आली. फेर्मीनने सगळं सांगितलं.

“म्हणजे आम्ही यंत्रांवर चढायचं,” येरुती म्हणाली. “आणि तुम्ही ओरडायचं नाही.”

“नाही ओरडणार.”

“आणि पाटीचं काय?”

“पाटीचं मी बघतो.”

येरुतीने वळून बाकीच्यांकडे पाहिलं. पोरांमध्ये कुजबुज झाली, कोणीतरी फिसकन हसलं. “पण दुपारी तर आपण...” असं तोबीआस म्हणतोय तोच त्याला कोपर बसलं.

“येऊ आम्ही,” येरुती गंभीर चेहऱ्याने म्हणाली. “तुमच्यासाठी म्हणून.”

बायकोला, निमियाला, त्याने यातलं काही सांगितलं नाही. ती हसली असती. दुसऱ्या दिवशी जेवण झाल्यावर, न्हाव्याकडे जाऊन येतो, असं सांगून तो बाहेर पडला.

“या वेळेला?” भांडी पुसता पुसता निमियाने विचारलं.

“गर्दी नसते.”

“बरं. सावकाश ये,” ती म्हणाली.

चौकात चिटपाखरू नव्हतं. फेर्मीनने घरून आणलेला टॉवेल पाटीवर टाकला, चारही कडा ओढून नीट केला आणि सावलीत उभा राहिला. लिसबाई वेळेवर आल्या. त्यांनी टॉवेलकडे पाहिलं, फेर्मीनकडे पाहिलं. पिशवीतून पाना काढून त्या यंत्रं तपासत निघाल्या. पहिल्या चारांपाशी त्या फारशा रेंगाळल्या नाहीत. पाचवं दोघांनी शेजारी शेजारी उभं राहून हवेत पाय झुलवायचं होतं. त्यापाशी मात्र त्या खाली बसल्या.

“याचं बेअरिंग खलास झालंय.”

“माल हलका असेल.”

“माल चांगला आहे. हे वापरून झिजलंय. आणि या दांडीचा रंग बघा, आतलं लोखंड चमकायला लागलंय.”

“ते माझ्या पुसण्याने.”

“फडक्याने एवढं होत नाही, काका. हे कोणीतरी रोज वापरतं. तासन्‌तास.”

“कोण वापरणार? मी दिवसभर इथेच असतो.”

“दुपारीसुद्धा?”

फेर्मीनने उत्तर द्यायला तोंड उघडलं, आणि त्याला गल्लीच्या तोंडाशी पोरं दिसली. धावत नव्हती, ओरडत नव्हती. ओळीने येत होती. कोणाच्या हातात उशी, कोणाच्या पाण्याची बाटली. आणि सगळ्यांच्या पुढे, डोक्याला ओला रुमाल बांधून, काखेत बर्फाच्या पाण्याचा थर्मास धरून, निमिया.

ती त्याला बघून थबकली. मागची ओळ तिच्यावर आदळली.

“तू न्हाव्याकडे गेला होतास ना?” ती म्हणाली.

“आणि तू झोपली होतीस ना?” तो म्हणाला.

निमियाने येरुतीकडे वळून पाहिलं. येरुती आंब्याच्या झाडात काहीतरी फार महत्त्वाचं शोधत होती.

“आजी, चला ना,” तोबीआसने तिचा झगा ओढला. “आज समुद्राला जायचं ठरलंय. उशीर झाला तर ओहोटी लागते.”

या देशाला समुद्र नाही. निमियाने तो कधी पाहिलेला नाही, फेर्मीननेही नाही. तिने क्षणभर नवऱ्याकडे पाहिलं, मग थर्मास बाकावर ठेवला, चपला काढल्या, आणि रोज चढणाऱ्या माणसाच्या सहजतेने यंत्रावर चढली. शेजारच्या पायपट्टीवर येरुती, मागच्या आडव्या दांडीवर उशा टाकून बाकीचे. निमियाचे पाय झुलायला लागले. बेअरिंग कुरकुरलं.

“आसुन्सियोन गेलं! राजधानी मागे पडली, कोणी उतरणार?” तिने ठणठणीत आवाजात विचारलं.

“कोणी नाही!”

“मग घट्ट धरा. आता सीमा ओलांडायचीय.”

मोठी बाई लहान पोरांसारखी हसत होती. एवढं हसताना फेर्मीनने तिला कधी पाहिलं होतं, ते त्याला पटकन आठवेना. लिसबाई थोडा वेळ कमरेवर हात ठेवून बघत राहिल्या. मग पाटीपाशी गेल्या, टॉवेलचं एक टोक उचलून खालचा मजकूर वाचला आणि टोक पुन्हा खाली सोडलं.

“पुढच्या आठवड्यात बेअरिंग पाठवते,” त्या म्हणाल्या. “मजबूत पाठवते. ट्रक राहू दे.”

थर्मास काखेत धरून फेर्मीन निमियाबरोबर घरी निघाला. रस्त्यावर पडलेल्या आंब्यांवर माश्या घोंघावत होत्या.

“कधीपासून?” त्याने विचारलं.

“यंत्रं आली त्या उन्हाळ्यापासून. तुझा डोळा लागला की निघायचे.”

“मला सांगायचंस.”

“आणि मग तू काय करणार होतास सकाळ-संध्याकाळ?” निमिया म्हणाली. “शाळेची नोकरी सुटल्यावर तू कसा बसून असायचास, ते मी पाहिलंय. भिंतीकडे बघत. पोरं हाकलायला लागलास तेव्हा तुझ्या तोंडावर जरा रंग आला. पोरांनाही मीच सांगितलं होतं, संध्याकाळी थोडं चढत जा, म्हातारा ओरडला की पळत जा.”

फेर्मीन चालता चालता थांबला. त्याला राग यायला हवा होता. त्याने वाटही पाहिली, पण तो आला नाही.

“तोबीआसलासुद्धा?”

“त्याला पळायला जमत नाही. म्हणून तो लटकतो.”

दुसऱ्या दिवशी जेवणं झाली. दारं लागली, रस्ता शांत झाला. फेर्मीन पलंगावर भिंतीकडे तोंड करून पडला. शेजारी निमियाही पडून राहिली, उठली नाही. पंखा फिरत होता. लांबून चौकातून कोणीतरी शीळ घातली, मग पुन्हा घातली. निमियाने कूस बदलली आणि तशीच पडून राहिली.

फेर्मीनने डोळे मिटले आणि घोरायला सुरुवात केली. आधी हलकेच, मग मोठमोठ्याने.

पलंग करकरला. अनवाणी पावलं दारापर्यंत गेली, कडी निघाली आणि पावलं तिथेच थांबली.

“इतक्या जोरात तू कधीच घोरत नाहीस,” निमिया म्हणाली. “यायचं तर ये. पण रांगेत उभं राहावं लागेल.”

फेर्मीन आणखी एकदा घोरला, आणि डोळे न उघडताच पाय खाली सोडून चपला चाचपू लागला.