नजराण्याचे तबक

मित्रांनो, सन एकोणीसशे एकोणऐंशीची ही गोष्ट. मी एक जुने पितळी तबक आहे. तेव्हा मी धारला अण्णांच्या कपाटात असे.

संस्थानी काळात तांबटाने मला ठोकून घडवले, काठावर वेल काढली. दसऱ्याच्या दरबारी अण्णांचे वडील माझ्यावर नजराणा ठेवीत, वर लाल रेशमी रुमाल. महाराज त्याला फक्त हात लावीत आणि म्हणत, "माफ." नजराणा तसाच घरी परत येई. छोटे अण्णा दाराशी उभे राहून हे पाहत.

संस्थान गेले. मी हळदीकुंकवापुरते बाहेर येऊ लागले. दसऱ्याचे ढोल वाजले, की कपाटातल्या अंधारात मला वाटे, आज कुणी बोलावील.

त्या वर्षी अण्णांची मुलगी विनोदिनी हिला इंदूरला सोयाबीनच्या रोगांवर संशोधन करायला जागा मिळाली. दरमहा शिष्यवृत्ती, शिवाय फी माफ. सोमवारी रुजू व्हायचे होते. पेढे माझ्यावरच ठेवले होते, पण अण्णांनी एकही उचलला नाही.

"विनू, फी माफ केली म्हणजे सरकारने तेवढे पैसे तुला दिलेच ना? ते उत्पन्नच झालं. त्यावर कर द्यायला हवा."

"अण्णा, तो पैसा माझ्या हातात येतच नाही. कर कशातून देऊ?"

"मग माफी घेऊ नकोस."

पेन्शनीत फी भरणे शक्य नव्हते. म्हणजे संशोधनच सोडायचे. विनोदिनीने पेढ्यांवर झाकण घातले आणि आत निघून गेली.

"पोरीची जागा दुसऱ्याला जाईल आणि तुम्ही बसा दरबार भरवत," विनोदिनीच्या आई, माई, चुलीपुढून कडाडल्या. "माझा भाऊ देवासला आयकराचा वकील आहे. त्याला तरी विचारा!"

अण्णांनी मला चिंचेने घासले, रुमालात बांधले. मी आनंदून गेले. इतक्या वर्षांनी दरबार! बसमध्ये कंडक्टर म्हणाला, "बासाब, थाली लई ने कां चल्या? ब्याव है कईं?" लग्नाचे नाव ऐकताच अण्णांनी मला मांडीवर अधिकच घट्ट धरले.

देवासला माईंचे भाऊ भैयासाहेब मला पाहून चक्रावले. "भाऊजी, हे काय?"

"कर यात घालून साहेबांपुढे ठेवीन. आमची रीत आहे. किती द्यायचा तेवढं सांगा."

"कमाल करता! कचेरीत तबक नेलंत, तर लाच द्यायला आलात म्हणून बसवून ठेवतील!" भैयासाहेब हसता हसता खुर्चीत टेकले. "अहो, शिक्षणाच्या खर्चासाठी दिलेल्या शिष्यवृत्तीवर आयकर नाही. कायद्यातच आहे. फी माफीही शिकण्यासाठीच आहे. उद्या विनू नोकरीत शिकवायला लागली, की पगारावर कर बसेल. ती गोष्ट निराळी."

"म्हणजे सरकारला काहीच द्यायचं नाही?" अण्णांचा चेहरा उतरला.

भैयासाहेबांचे हसू थांबले. त्यांनी माझ्यावरचा रुमाल सारखा केला. "भाऊजी, दरबारात नजराण्याचं काय व्हायचं?"

"हात लावून परत यायचा."

"मग हाही हात लावून परत आलाय."

अण्णा बराच वेळ रुमालाच्या कडेवरून बोट फिरवत राहिले. मग म्हणाले, "सोमवारी विनूला पहिली बस गाठायला हवी."

मी रिकामेच परतले. दरबार भरलाच नाही. विनोदिनी इंदूरला गेली, मी कपाटात गेले. घर फार शांत झाले. ती सुट्टीत आली, की कपाट उघडून रुमालाला हात लावून पाही. मी तिची वाट पाहत असे.

चौऱ्याऐंशी साली ती देवासच्या कॉलेजात शिकवू लागली. पहिला पगार घेऊन धारला आली, तो माझ्यावर ठेवला, वर रुमाल पसरला आणि अण्णांपुढे उभी राहिली.

अण्णांनी हात लावला. "कर कापला?"

"कापला, अण्णा."

"मग माफ."

पुढच्याच वर्षी अण्णा गेले. माई देवासला लेकीकडे राहिल्या आणि तिथेच शांतपणे गेल्या. भैयासाहेब वकिली सोडून मुलाकडे बडोद्याला गेले. विनोदिनी अजून शिकवते. मी तिच्या काचेच्या कपाटात आहे, स्वच्छ, चकचकीत. रुमाल मात्र विरून गेला.

मित्रांनो, जुनी भांडी नुसती घासून मांडून ठेवू नका. तुमच्या घरात कुणाला पहिली कमाई मिळाली, तर एकदा तबक खाली काढा, वर नवा रुमाल पसरा. आणि समोर हात लावून 'माफ' म्हणणारे कुणी असेल, तोवरच हे करा.