धोबीण आळीतलं घर

फोर्ट हॅलममधून पलटण हलली त्याला शंभर वर्षं होऊन गेली होती, पण गाव अजून पलटणीने बसवलं होतं तसंच बसलेलं होतं. वर टेकाडावर कवायतीचं मैदान आणि त्याच्या कडेने साहेबलोकांची विटांची सहा घरं. खाली नदीच्या काठाला, पाणी जवळ पडतं म्हणून, शिपायांचे कपडे धुणाऱ्या बायकांची लाकडी घरं. वरची ती साहेब आळी, खालची धोबीण आळी. अमेरिकेतल्या मॉन्टानाच्या त्या उघड्या माळावर गावात माणसं जेमतेम ऐंशी, तरी आळ्या दोन.

इंगा कोलस्टाड वरच्या आळीतली. पलटणीने घरं लिलावात काढली तेव्हा तिच्या आजोबांनी कॅप्टनचं घर घेतलं होतं. नवरा गेल्यावर त्या घरात ती एकटीच होती, सत्तरी ओलांडलेली. भिंती जाड, छत उंच. हिवाळ्यात कितीही लाकूड जाळलं तरी ऊब वर छतालाच जाऊन बसायची.

त्या वर्षी फेब्रुवारीत थंडी अशी पडली की नदी तळापर्यंत गोठली म्हणायचे लोक. मग एका दुपारी पश्चिमेचे डोंगर एकदम जवळ दिसायला लागले आणि गरम वारा सुटला. त्या वाऱ्याला गावात बर्फखाऊ म्हणतात. सकाळी दाराची कडी बोटाला चिकटत होती, दुपारी पागोळ्या गळायला लागल्या. इंगा मागच्या अंगणात उभी होती. खालून नदीचा आवाज आला, कुणी मोठं लाकूड मोडावं तसा. मग दुसरा. नदीवरचा बर्फ तडकत होता. तिने पिकअपची किल्ली घेतली.

धोबीण आळीत तोवर धावपळ सुरू झाली होती. तरणीताठी माणसं पोरंबाळं गाड्यांत भरत होती. डेल्फीन गार्डिपी मात्र आपल्या दारात हाताची घडी घालून उभी होती. इंगाहून दोन-तीन वर्षांनी मोठी, हाडापेराने मजबूत. तिची पणजी याच घरात पलटणीचे कपडे धूत असे.

"डेल्फीन, चल. गाडी चालूच ठेवलीय."

"कुणी पाठवलं तुला?"

"कोण पाठवणार? मला काय डोळे नाहीत?"

"नदी दरसाल ओरडते. माझ्या पणजीच्या वेळेपासून ओरडतेय."

"ओरडू दे. पण आज ती अंगणात आलीय, बघ."

डेल्फीनने खाली पाहिलं. पायरीशी काळं पाणी आलं होतं आणि त्यावर बर्फाचे कपचे हलत होते. "कोंबड्या घेतल्याशिवाय मी हलायची नाही," ती म्हणाली.

"मग बडबड थांबव आणि टोपली आण."

दोघी म्हाताऱ्या घोटाभर बर्फाळ पाण्यात कोंबड्यांच्या मागे धावल्या. एक लाल कोंबडी छपरावर जाऊन बसली, ती तशीच राहिली. त्या चढावर पोचतात न पोचतात तोच नदीत तुंबलेला बर्फाचा बांध फुटला. पिकअपएवढाले तुकडे एकमेकांवर चढत आळीत शिरले. इंगाने गाडी थांबवली. डेल्फीन मागे वळून पाहत राहिली. मांडीवरच्या टोपलीचं झाकण तिने घट्ट धरून ठेवलं होतं.

रात्री कॅप्टनच्या जेवणघरात कोंबड्या, आणि चुलीपाशी डेल्फीन. इंगाने तिला सूप दिलं.

"या घरात मी आधी आलेय," डेल्फीन म्हणाली. "मागच्या दाराने. तुझ्या आईचे कपडे इस्त्री करून आणायचे."

"आठवतं मला. घसरगाडीवर गाठोडं घेऊन यायचीस."

"तुझी आई दारातूनच घ्यायची. आत ये म्हणून कधी म्हणाली नाही."

इंगाने चुलीत लाकूड सारलं. आईची बाजू घ्यावी असं तिला वाटलं नाही आणि आईला नावं ठेवावीत असंही वाटलं नाही. "सूप खारट झालंय का?" तिने विचारलं.

"थोडं."

पाणी ओसरलं तेव्हा धोबीण आळीतली दोनच घरं उभी होती. त्यातलं एक डेल्फीनचं, खिडकीपर्यंत गाळाने भरलेलं. काउंटीच्या सरकारी कचेरीतली माणसं आली, काठाने हिंडली आणि म्हणाली की इथे आता कुणाला राहता येणार नाही. बाकीची कुटुंबं रडली, भांडली आणि एकेक करून शहरात गेली. डेल्फीनची मुलगी ग्रेट फॉल्सला होती. ती आईला न्यायला आली आणि हात हलवत परत गेली.

"तिच्याकडे भिंतीला भिंत लागलेली," डेल्फीन म्हणाली. "शेजारी शिंकला की आपण नाक पुसायचं. आणि कोंबड्या पाळायच्या नाहीत म्हणे."

इंगा भांडी विसळत होती. "माझ्या बाजूची जागा मोकळीच पडलीय," ती पाठमोरीच म्हणाली. "घोड्यांचा तबेला होता तिथली. घरच वर आणू तुझं."

"तुझ्या दयेवर राहू होय?"

"माझ्या जागेवर राहशील. दया करायला मला सवड नाही."

घर उचलून दुसरीकडे नेण्यात त्या मुलखात नवल नाही. शाळा, चर्च, धान्याची कोठारंही लोकांनी चाकांवर घालून हलवली आहेत. अडचण निघाली ती वेगळीच. पलटणीच्या जुन्या इस्पितळात गावाची सभा भरली आणि वॉरन ऑस्बी उभा राहिला. तोही वरच्या आळीतला, गावाच्या इतिहास समितीचा प्रमुख.

"माझं डेल्फीनशी काही वाकडं नाही," तो म्हणाला. "पण साहेब आळीत धोबिणीचं घर कधीच नव्हतं. पाहुणे लांबून येतात ते जसं होतं तसं बघायला. उद्या काय सांगायचं त्यांना?"

"वॉरन," इंगा बसल्या जागेवरून म्हणाली, "तुझ्या छपरावर ती टीव्हीची तबकडी आहे, ती पलटणीने बसवली होती का?"

सभा हसली. वॉरनही कसनुसा हसला. हात वर झाले ते डेल्फीनच्या बाजूने. दुसऱ्या दिवशी तोच वॉरन घराखाली घालायच्या तुळया घेऊन आला. ट्रॅक्टरही गावात त्याचाच मोठा होता.

आतला गाळ उपसून जुलैत घर निघालं. अर्ध्या चढावर ते पोचलं असेल, तोच उत्तरेकडून हिरवट ढग आला आणि गारा सुरू झाल्या. आधी बोराएवढ्या, मग अंड्याएवढ्या. माळावर आडोसा म्हणावा तर एकच, चाकांवरचं ते घर. मदतीला आलेली सगळी माणसं त्यात घुसली. डेल्फीनच्या तिरप्या स्वयंपाकघरात वॉरन, इंगा, ट्रॅक्टरवाले, सगळे उताराच्या बाजूला एकमेकांवर रेलून उभे. खिडक्यांच्या काचा फुटत होत्या. छप्पर असं वाजत होतं की बोलणं ऐकू येईना.

"या, या!" डेल्फीन ओरडली. "पुढच्या दाराने आलात ना सगळे? पाय पुसलेत का?"

वॉरनने खरोखरच खाली वाकून पायांकडे पाहिलं. तेव्हा इंगाला हसू आवरेना; ती भिंतीला टेकून डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली. नवरा गेल्यापासून ती अशी हसली नव्हती, हे तिच्या नंतर लक्षात आलं.

चिखल वाळेपर्यंत घर चढावरच अडकून राहिलं. मग ते वर गेलं आणि तबेल्याच्या जागेवर बसलं. विटांच्या घरांच्या रांगेत ते ठेंगणं आणि जरा कललेलं दिसे. गाळाची रेघ खिडकीखाली तशीच राहिली. डेल्फीनने ती रंगवू दिली नाही.

शरद सरला आणि टेकाडावरचा वारा सुरू झाला. खालच्या आळीला काठाचा आडोसा होता, इथे मधे काहीच नव्हतं. डेल्फीन आठवडाभर झोपली नाही.

"हा असा रोज असतो?" तिने विचारलं.

"रोज."

"आत्ता कळलं तुम्ही वरची माणसं सदा अशी चिडलेली का."

त्या हिवाळ्यात इंगा सकाळची कॉफी डेल्फीनकडे प्यायला लागली. मैत्री झाली असं दोघींपैकी कुणी म्हटलं नाही. घर लहान होतं, चूल लवकर तापायची, एवढंच कारण इंगा सांगे. कोंबड्यांवरून आणि कॉफी किती उकळावी यावरून त्या भांडत. खाली काठाला उन्हाळ्यात विलोची झुडपं उगवली, आणि पुढच्या दोन-तीन वर्षांत तिथे आळी होती हे सांगावं लागू लागलं.