नदीपर्यंतची वाट

सरकारने गावातल्या जमिनींचे तुकडे एकत्र करून नव्याने वाटले, तेव्हा रखमाजीच्या बापाने नदीकाठचं काळं रान घेतलं आणि खडकाळ माळ बाजीरावच्या बापाच्या गळ्यात मारला. "धोंडे पेरा, धोंडे खा," असं वर हसूनही झालं. पुढे माळाला लागून डांबरी रस्ता आला. बाजीरावच्या मुलाने, रत्नदीपने, तिथे टोमॅटोच्या रोपांची नर्सरी टाकली. ट्रेमधल्या रोपांना जमीन कशी का असेना, दाराशी गाडी लागली म्हणजे झालं.

रखमाजीचं काळं रान मात्र आत अडकलं. त्याची जुनी वाट ओढ्यातून जायची आणि पावसात तिथे पिकअप रुतायचा. यंदा टोमॅटो लालबुंद झाले, पण गाडीवाला यायला तयार होईना. माल डोळ्यांदेखत सडायची वेळ आली.

अडला हरी गाढवाचे पाय धरी, ही म्हण रखमाजीला बाजीरावच्या घरी जाताना वाटेत आठवली आणि त्याची त्यालाच लाज वाटली. यात गाढव कोण ठरलं, हे त्याला नीट कळत होतं. जन्मभर 'ए बाज्या' म्हणणाऱ्या तोंडातून आज आपसूक निघालं, "बाजीरावभाऊ, तुमच्या माळातनं गाडी जाऊ द्या. लई अडलोय."

बाजीराव काही बोलायच्या आत रत्नदीप म्हणाला, "जाऊ द्या की. पन आमचं बोअर आटत चाललंय. तुमच्या रानातनं नदीचा पाइप आणू द्या."

रखमाजीने लगेच मान डोलावली. चहा आला. तेवढ्यात बाजीरावची बायको द्रौपदा म्हणाली, "पाइप जाईल जमिनीखालनं. मला वरनं वाट पायजे."

"घरात नळ हाय की," बाजीराव म्हणाला.

"असू द्या. आपल्या लोकांनी मेलेली ढोरं ओढायची गावकीची कामं सोडली, तवा ह्या रखमाजीभाऊंच्या वडलांनी नदीच्या वाटंवर काटं टाकलं. सासूबाई रिकामी घागर घेऊन बांधावरनं माघारी फिरल्या. मी नवी नवरी, मागं व्हते. मला तिथनं म्होरं जायचंय."

'बापाने केलं, त्याला मी काय करू?' हे शब्द रखमाजीच्या ओठांवर आले होते. पण बापाचं काळं रान तो आजवर खात होता. रान आपलं आणि काटे तेवढे बापाचे, असं कसं म्हणणार? त्याने पुन्हा मान डोलावली.

सकाळी पिकअप माळावर येऊन थांबला. टोमॅटो तोडायचे सोडून रखमाजी आधी कोयता घेऊन बांधावर गेला. काट्यांच्या जागी आता बाभळी माजल्या होत्या. त्या त्याने स्वतः तोडल्या, तेव्हा द्रौपदा रिकाम्या हाताने आली, बांध ओलांडून सरळ नदीवर गेली आणि पाण्यात पाय बुडवून उभी राहिली.

"गढूळच हाय की," ती म्हणाली. "एवढ्यासाठी अडवलं व्हतं व्हय?"